मूर्तीत नसलेली सासू

पाणीकाकूंचं खरं नाव काय, असं त्यांच्या नातवंडांना विचारलंत तर ती एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील. हे नाव पडलं ते कामावरून. संगमरवराचं पॉलिश सगळं पाण्यावर चालतं. कोरडा दगड घासला की नुसती धूळ उडते, हात सोलवटतात आणि चकाकी काही येत नाही. त्यामुळे लग्न होऊन मूर्तींच्या या कारखान्यात आल्या तेव्हापासून काकू दिवसभर कुणाच्या तरी नावानं ओरडत, "अरे, पाणी सोडा रे!" कामगारांनी आधी पाठीमागे नाव ठेवलं, मग तोंडावर घेतलं, आणि काकूंनी त्याला 'ओ' दिली. एकदा 'ओ' दिली की संपलं, नाव जन्माचं चिकटतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. पुढच्या अंगणात ट्रकमधून उतरवलेले दगड, आत अर्धवट घडलेले देव, आणि मागच्या भिंतीला लागून घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मधल्या दाराला पडदा होता, पण पडद्यानं पांढरी धूळ थोडीच अडते? भांड्यांवर धूळ, उशांवर धूळ, पोरांच्या केसांत धूळ. काकूंची बोटं इतकी वर्षं दगड घासून अशी गुळगुळीत झाली होती की मोबाइलच्या दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठाच उठत नसे. दुकानदारानं चार वेळा पुसून बघितला. काकू म्हणाल्या, "अहो, आता तो अंगठा देवांच्या गुडघ्यांवर गेला. तिथं जाऊन शोधा."

बाई अशी फटकळ होती. पण त्यांचा हात दगडावरून फिरायला लागला की बघत राहावं. आधी खरखरीत घोटा, म्हणजे घासायचा दगड, मग मधला, मग बारीक, शेवटी ओलं फडकं आणि पूड. घाई नाही, जोर नाही. दगडात कुठं काय दडलंय ते काकूंच्या तळहाताला डोळ्यांच्या आधी कळत असे.

त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, ते जैन मंदिरांच्या मूर्ती घडवणाऱ्या घराण्यातले. तीर्थंकरांच्या मूर्ती मोठे कारागीर करत. मिस्त्रींकडे यायची ती शासनदेवतांची कामं. प्रत्येक तीर्थंकराच्या शासनाचं रक्षण करणारे यक्ष आणि यक्षी असतात, त्यांची. त्यातही नेमिनाथांची यक्षी अंबिका जास्त. अंबिका आली की सिंह आला, आणि सिंह करावा तर मिस्त्रींनीच. मात्र त्यांचा सिंह तोंड मिटलेला असे. बाकीच्या कारखान्यांतले सिंह जबडा वासून बसलेले, दात मोजून घ्यावेत असे. मिस्त्रींचा सिंह मात्र मान किंचित खाली घालून गप्प बसलेला.

"याला दात नाहीत का?" नव्या नवरीनं, म्हणजे काकूंनी, पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"आहेत की. पण दाखवायला तोंड नाही त्याला," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी हातातली टाकी खाली ठेवून गोष्ट सांगितली. एरवी दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस, पण ही गोष्ट ते रंगवून सांगत.

फार फार मागं, एका घरात पितरांसाठी स्वयंपाक रांधला होता. जेवणारे अजून यायचे होते. घरात सून आणि तिची दोन पोरं. तेवढ्यात महिन्याचा उपवास सोडायला एक जैन मुनी दाराशी आले. सुनेनं मागचापुढचा विचार केला नाही. शिजलेलं होतं, दारात भुकेला होता, तिनं वाढलं. सासू बाहेरून आली, तिनं पाहिलं आणि मुलाचे कान भरले. पितरांच्या आधी दुसऱ्याला वाढलं म्हणजे अन्न उष्टं झालं! मुलगा पेटला. त्यानं बायकोला दोन्ही पोरांसकट घराबाहेर काढलं.

एक पोर कडेवर, एक बोटाला, अशी ती निघाली. उन्हाचा कहर. पोरांना तहान लागली तर आटलेल्या तळ्याला पाणी आलं. भूक लागली तर वाळलेलं आंब्याचं झाड फळांनी लवलं. आणि इकडे घरात, मुनींना वाढून उरलेल्या अन्नाची ताटं सोन्याची झाली! तेव्हा सासूचे डोळे उघडले. "अरे, ती साधी बाई नव्हती. जा, घेऊन ये तिला." मुलगा धावला, हाका मारत धावला. तिनं वळून पाहिलं. तिला वाटलं, हा आता जीवच घेणार. तिनं पोरांना छातीशी धरलं आणि समोरच्या विहिरीत उडी घेतली. कुणी म्हणतात, कड्यावरून घेतली. मरून ती अंबिका झाली, नेमिनाथांच्या शासनाची राखणदारीण. तिच्यापाठोपाठ नवराही मेला आणि तिचा सिंह झाला.

"म्हणून मांडीवर एक पोर, शेजारी एक पोर, हातात आंब्याचा घोस आणि खाली हा," मिस्त्री म्हणाले. "आता मला सांग, ह्यानं डरकाळी कुठल्या तोंडानं फोडायची?"

आसपासच्या बायका ही गोष्ट सांगताना शेवटी हमखास हळहळत, "बिचारीचा गैरसमज झाला हो! तो तर न्यायलाच आला होता." काकूंच्या डोक्यात तिडीक जाई. सकाळी ज्यानं हाकलून दिलं तो दुपारी आरडत मागून धावत येतोय, त्यात तिनं समजायचं काय? आणि तो धावला कधी? तर ताटं सोन्याची झाल्यावर. ताटं तशीच राहिली असती तर उठला असता का जागचा? हे त्यांनी मिस्त्रींना विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले, "म्हणून तर ओझं वाहायला लावलंय त्याला."

"आणि सासू? कान तिनं भरले, परत आण म्हणून तिनंच सांगितलं. तिचं काय झालं?"

"तिचं कुठं काही ऐकलं नाही. देवी झाली, नवरा सिंह झाला, पोरं मांडीवर बसली. सासूला मूर्तीत जागा नाही."

दोघं हसले. काकू तेव्हा सून होत्या, आणि सासूचं पुढं काय झालं याची काळजी कुठल्या सुनेनं केली आहे?

मिस्त्री गेले ते छातीत साठलेल्या धुळीनं. कारखाना मुलाकडे आला. त्याला घरात आणि कामावर सगळे भाऊ म्हणत. भाऊचा हात बापापेक्षा देखणा. देवीच्या ओठांवर असं हसू आणायचा की कामगार काम टाकून बघायला येत. पण राग नाकाच्या शेंड्यावर. रागाच्या भरात एकदा त्यानं स्वतःच घडवलेला हात फोडला आणि मग दोन दिवस जेवला नाही. काकू म्हणायच्या, "अरे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, ते दगडाला. माणसांवर घाव घातलेस तर फक्त चिरा पडतील."

मग सून आली. मोजकं बोलणारी, कपाळावर एक बारीक आठी घेऊनच जन्मलेली. तिच्या आईचा शिलाईचा व्यवसाय, त्यामुळे टाका चुकलेला असला तर तो शंभर टाक्यांतून ओळखायची तिची नजर. पहिलं पोर चालायला लागलं तशी ती सासूच्या शेजारी पॉलिशला बसली. काकूंनी तिला घोटा कसा धरायचा ते शिकवलं, आणि दुसरं पोर होईपर्यंत ती काकूंच्या बरोबरीनं काम करू लागली. हळूहळू कामगार म्हणायला लागले, "थांबा, वहिनींना विचारू." पूर्वी ते काकूंना विचारत.

काकूंना ते लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. पण सुनेनं घासलेल्या जागेवरून त्या पुन्हा एकदा हात फिरवत, आणि सून ते पाही आणि काही बोलत नसे. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. इथं भांडी आवाज करत नव्हती, एवढाच फरक.

तर अशात एका मोठ्या मंदिराचं काम आलं. बसलेली अंबिका, माणसाच्या उंचीची. भाऊनं बापाच्या हातचा सिंह समोर ठेवून सिंह केला, तोंड मिटलेला. देवीचा चेहरा पूर्ण झाला त्या दिवशी शेडमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नाही. मग मूर्ती काकूंच्या ताब्यात आली.

मांडीवरच्या पोराच्या पाठीशी, जिथं पोर संपतं आणि आईची मांडी सुरू होते, तिथं काकूंचा तळहात थांबला. त्यांनी पाणी टाकलं, थोडा वेळ जाऊ दिला. दगड वाळला, पण तिथं केसाएवढी काळपट रेघ ओलीच राहिली. जीर होती, दगडाच्या पोटातली चीर. वरून कळणार नाही, पण आत किती खोल गेली असेल ते देवालाच ठाऊक. आणि असली मूर्ती पूजेला चालत नाही. दोष असलेल्या दगडाची प्रतिष्ठा होत नाही, हे या धंद्यात पोरांनाही ठाऊक असतं.

भाऊला बोलावलं. तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग उठला, संगमरवराची पूड आणि केमिकल कालवून आणलं आणि जीर भरून टाकली. "आई, कुणाला सांगायचं नाही. हिलासुद्धा नाही," तो म्हणाला. "एवढ्यातेवढ्यानं काही होत नाही. बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

मिस्त्रींनी हे कधीच केलं नसतं. दोघांनाही ते माहीत होतं. काकूंनी बारीक घोटा घेतला आणि ती जागा स्वतःच्या हातानं घासली, इतकी की रेघ दिसेना. शिकलेली विद्या अशी कामी आली.

विश्वस्त काका मूर्ती बघायला आले तेव्हा भाऊ ब्लेड आणायला बाहेर गेला होता. हे काका म्हणजे मंदिराचे सगळ्यात जुने विश्वस्त, आवाज असा हळू की ग्राइंडर बंद करावा लागे. मूर्तीपुढे ते हात जोडून उभे राहिले. मग पॉलिशला बसलेल्या दोघींकडे वळून म्हणाले, "सुंदर झालीय. फक्त एक विचारतो, राग मानू नका. तुमचा हात सगळीकडून फिरलाय. दगडात कुठं काही नाही ना? प्रतिष्ठा व्हायची आहे, म्हणून विचारायचं."

त्यांनी विचारलं ते काकूंकडे बघून. वडीलधाऱ्या त्याच होत्या.

"पॉलिश कसं उतरलंय ते बघा ना," काकू म्हणाल्या. "असं पॉलिश या भागात कुठं मिळायचं नाही."

उत्तर होतं की नव्हतं? काका वाट बघत राहिले. सुनेनं सासूकडे पाहिलं. काकू खाली बघून फडकं पिळत होत्या, पिळलेलंच पुन्हा पिळत होत्या. सून आणखी थोडा वेळ थांबली. मग उठली, ओलं फडकं घेऊन तिनं पोराच्या पाठीपासून मांडीपर्यंत दगड भिजवला. दगड पाणी पिऊन सावळा झाला. केमिकल भरलेली जागा पाणी पीत नाही. तिथं पांढरा दोरा उमटला.

"काका, इथं जीर आहे," ती म्हणाली. "भरलेली आहे."

काका रागावले नाहीत. वाकून त्यांनी ती रेघ बघितली, सुनेकडे बघितलं, "बरं केलंत सांगितलंत," एवढंच म्हणाले आणि गेले.

आता इथं काकूंनी काय करायचं होतं? मूग गिळून बसायचं होतं. नाहीतर खरं सांगायचं होतं. भाऊ परत आला तेव्हा त्या दारातच त्याला सामोऱ्या गेल्या. "मी सांभाळून नेत होते," त्या म्हणाल्या, "काकांना काही कळलंही नसतं. पण हिला राहवेना. आपण होऊन उठली, पाणी मारून दाखवलं! तुझ्या कामाची लाज काढली चार माणसांत." चार माणसं कुठली? होते ते एकटे काका. पण तिखटमीठ लावल्याशिवाय चुगलीला चव येत नाही.

भाऊनं बायकोला एक शब्द विचारला नाही. तिचे घोटे उचलून अंगणात भिरकावले. "एवढी खरं बोलणारी असशील तर जा, काकांच्याच घरी जाऊन राहा! माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही!" धाकटा रडायला लागला तर म्हणाला, "याला पण ने. दोघांना ने."

ती रडली नाही की भांडली नाही. आत गेली, एका थैलीत पोरांचे कपडे भरले, धाकट्याला कडेवर घेतलं, थोरल्याचं बोट धरलं. नळाशी काकू उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून जाताना ती क्षणभर थांबली. काकूंच्या तोंडात शब्द होता, पण तो बाहेर आला नाही. सून खाणीच्या वाटेनं निघून गेली. जुन्या खाणीला वळसा घालून ती वाट बसथांब्याकडे जाते. खाण बंद झाली त्याला वर्षं लोटली, आता तिथं नुसतं खोल हिरवं पाणी साठलेलं आहे.

काकू जागेवर येऊन बसल्या. समोर अंबिका होती. मांडीवर एक पोर, शेजारी एक पोर. काकूंनी एका हातात पाण्याचा पाइप धरला, दुसऱ्या हातात घोटा घेतला आणि तो हातातच राहिला. आयुष्यभर जी गोष्ट त्यांनी दुसऱ्याची म्हणून सांगितली, ज्या सासूला हसल्या, ती सासू इथं पाण्याचा पाइप धरून बसली होती. उठावं, जावं असं फार वाटलं. गुडघे उठेनात, की मन, ते त्यांनाच कळेना.

थोड्या वेळानं भाऊचा फोन वाजला. फोनवर बोलता बोलता त्याचा चेहरा पालटला. "आई!" तो ओरडत आला. हातात छिन्नीवर मारायची मोठी हातोडी होती, रागारागानं कसला तरी दगड फोडत होता तो. "काका बोलले मंडळाशी! नवा दगड तेच घेणार, आणि काम आपल्यालाच! म्हणाले, ज्या घरात सून असं तोंडावर खरं बोलते, त्याच घरात आमची अंबिका घडू दे. ऐकलंस? हिच्यामुळे! मी आणतो तिला, आत्ता आणतो, थांब-ऽ-ऽ!" शेवटची हाक खाणीच्या दिशेनं होती, आणि तो धावत सुटला होता.

काकूंनी पाहिलं. लाल झालेले डोळे, पांढरं अंग, वर झालेला हात आणि हातात हातोडी. असा हा धावत जाणार, हाका मारत. आणि ती कुठं असेल? खाणीच्या काठावर, दोन पोरं घेऊन.

"भाऊ, थांब!" ग्राइंडरच्या आवाजात त्यांची हाक बुडाली. मग त्यांनी एकच केलं. हातातला पाइप उचलला, तोटीवर अंगठा दाबला आणि पाण्याचा फवारा सरळ मुलाच्या पाठीवर सोडला. तो दचकून वळला, तर तोंडावर. कामगारांनी ग्राइंडर बंद केला. भाऊ भिजलेल्या मांजरासारखा अंगणात उभा.

"वेड लागलं का तुला?"

"हातात काय आहे ते बघ," काकू म्हणाल्या.

त्यानं बघितलं. हातोडी बघितली, मग खाणीची वाट बघितली. बापाच्या तोंडून ती गोष्ट त्यानंही शंभरदा ऐकली होती. हातोडी त्याच्या हातून गळाली आणि तो होता तिथंच चिखलात बसला.

"तू जायचं नाहीस," काकू म्हणाल्या. "ताटं सोन्याची झाल्यावर धावणाऱ्याचं तोंड तिनं आज बघायचं कारण नाही. आणि ऐक. तुला जे सांगितलं ते मी वाढवून सांगितलं. काकांनी आधी मला विचारलं होतं. मी टाळलं. ती माझ्यासाठी थांबली होती."

भाऊ आईकडे बघत राहिला. त्याला काही बोलायचं असेल तर ते ऐकायला काकू थांबल्या नाहीत.

गुडघे दुखत होते, तरी त्या चालल्या. खाणीशी वाट वळते तिथून त्यांना सून दिसली. काठाला एका दगडाच्या सावलीत ती बसली होती, धाकटा मांडीवर झोपलेला, थोरला शेजारी. बसला वेळ असावा. पाऊल वाजलं तशी तिनं मान वळवली, आणि कोण आलंय ते नीट दिसायच्या आतच उठली, धाकट्याला उचललं, थोरल्याला मागं ओढलं. मागं पाणी होतं. तिची टाच काठावरच्या सैल खडीवर गेली आणि थोडी खडी खाली घरंगळली. पाण्यात पडल्याचा आवाज बराच उशिरा आला.

काकूंचा जीव टांगणीला लागला. जन्मभर ओरडत आलेली बाई, हाक अगदी ओठांवर आली होती. त्यांनी ती गिळली. आहेत तिथंच त्या वाटेवर मातीत बसल्या, दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवून. आणि गप्प बसून राहिल्या.

बराच वेळ गेला. सून एक पाऊल पुढं आली. मग आणखी एक. काठापासून पुरेशी लांब येऊन ती उभी राहिली.

"न्यायला आलात?"

"नाही."

"मग आत्ताच कशा आलात? मघाशी तर नळाशी उभ्या होतात."

इथं खोटं बोलायला जागा होती. काकूंना ती दिसली, आणि त्यांनी ती सोडली. "काकांचा फोन आला. काम आपल्यालाच देतायत. तुझ्यामुळे."

सून हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं. "म्हणजे ताटं सोन्याची झाली."

"झाली. भाऊ त्यासाठीच धावत निघाला होता. मी अडवला."

"आणि तुम्ही? तुम्ही कशासाठी?"

"जीर मी तुझ्याआधी पाहिली होती," काकू म्हणाल्या. "भाऊनं भरली, मी घासली. काकांनी विचारलं तेव्हा तोंड उघडलं नाही. आणि भाऊपुढे तुझं नाव घेतलं, वर मीठमसाला लावून. लोक तुला विचारायला लागले ना, ते माझ्या पोटात दुखत होतं. एवढंच सांगायला आले."

धाकट्याला सुनेनं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मला माहीत होतं, आई. त्या जागेवर आलात की तुमचा हात हलका व्हायचा. मी तेव्हाच पाणी टाकून बघितलं होतं."

"मग काकांपुढे माझं नाव का नाही घेतलंस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. म्हणून थांबले होते थोडी." तिनं थोरल्याच्या केसांतली धूळ झटकली. "घराबाहेर पडतानासुद्धा थांबले होते. नळाशी."

काकूंनी तोंडावर हात घेतला. त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही आणि सुनेनं त्यांना गप्पही केलं नाही. बरोबरच केलं.

"मी आईकडे जातेय," शेवटी सून म्हणाली. "परत यायचं की नाही ते मला आज विचारू नका. उद्याही नको."

"नाही विचारत. पण तुझ्याबरोबर येऊ का? एका कडेवर हे, हाताशी तो, वर ही थैली. आणि तिथं दारात तुझी आई विचारेल, काय झालं म्हणून."

सुनेनं थैली उचलली, पण खांद्याला न लावता ती परत वाटेवर ठेवली आणि थोरल्याचं बोट धरून चालू लागली. काकू उठल्या, थैली घेतली आणि मागून निघाल्या. बसमध्ये सून खिडकीशी बसली, काकू पलीकडच्या बाकावर. तासभराची वाट होती. थोरला मध्येच येऊन आजीच्या मांडीवर डोकं टेकून झोपला.

सुनेच्या माहेरी शिलाईमशीन चालू होतं, ते दाराबाहेरून ऐकू येत होतं. कडी वाजवल्यावर मशीन थांबलं. गळ्यात मोजायची फीत तशीच लटकलेली, अशी सुनेची आई दारात आली. मुलीचा चेहरा, पांढरट धुळीनं माखलेली पोरं आणि मागं थैली धरून उभी असलेली विहीण बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं गं?" तिनं मुलीला विचारलं. "आणि विहीणबाई, तुम्हीसुद्धा? आत या आधी, बसा."

सुनेनं सासूकडे पाहिलं आणि ती थांबली.

काकूंनी थैली खाली ठेवली. "बसायला नका सांगू, विहीणबाई, आधी ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीची काही चूक नाही. चूक माझी आहे. मी उभ्यानंच सांगते."